बॅग भरली, पण गाव कुठलं?

पुणे, मुंबई, बंगळुरू की आपलं कोल्हापूरच? पहिल्या इंटर्नशिपचं शहर ठरवताना डोकं शांत ठेवा!

शेवटचं सेमिस्टर संपत आलं की रंकाळ्यावरच्या गप्पांचा विषय बदलतो. ग्रुप तोच, भेळ तीच, पण 'कुठला पिक्चर?'च्या जागी 'कुठलं शहर?' यावर वाद रंगतो. एकाला पुणं हवं, दुसरीला मुंबईच, तिसरा बंगळुरूच्या स्टार्टअपची मेल सगळ्यांना दाखवत फिरतो. आणि घरी आईचा एकच प्रश्न, "जेवणाचं काय करणार?"

माझंच सांगते. एकविसाव्या वर्षी मी मुंबई निवडली. कारण? मुंबई म्हणजे मुंबई! मोठ्या नावाच्या एका ऑफिसात तीन महिने प्रेसनोट टाइप केल्या, फायली लावल्या. स्टायपेंड शेवटपर्यंत 'प्रोसेसमध्ये'च राहिला. भाडं बाबांनी भरलं. माझी मैत्रीण मात्र पुण्यात एका छोट्या ऑफिसात लागली आणि तिसऱ्याच आठवड्यात तिची बातमी तिच्या नावानिशी छापून आली. त्यात मुंबईची काही चूक नव्हती. मी शहर निवडलं होतं, काम नव्हे.

पुणे : वीकेंडला घरी
कोल्हापूरकराचं हे पहिलं 'बाहेरगाव'. अंतर साधारण २३० किलोमीटर. एसटी आहे, ट्रेन आहे, सप्टेंबर २०२४ मध्ये वंदे भारतही सुरू झाली. मेकॅनिकलवाल्यांना पिंपरी-चाकण, आयटीवाल्यांना हिंजवडी. धोका एकच : रूममेट कोल्हापूरचे, डबा कोल्हापुरी आणि दर शुक्रवारी गाडी गावाकडे. शहर बदलतं, आपण आहे तिथेच!

मुंबई : स्वप्न सॉलिड, हिशेब कडक
जाहिरात, सिनेमा, बँकिंग, शेअर बाजार यांत काही करायचं असेल तर मुंबईला पर्याय नाही. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये झोपा, सकाळी मुंबईत उठा. पण ऑफिस बीकेसीला आणि खोली विरारला असेल तर रोजचे तीन तास प्रवासातच गेले म्हणून समजा. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, तेव्हा महिन्याला ५ हजार रुपये ठरले होते. एवढ्यात मुंबईत राहणं-खाणं बसवून दाखवा!

बंगळुरू : हायवे तोच, दिशा उलटी
पुण्याला जाणाराच हायवे दुसऱ्या बाजूला सहाशेहून जास्त किलोमीटरवर बंगळुरूला पोचतो. कन्नडचं टेन्शन नको, निपाणी-बेळगावच्या येण्याजाण्यात ती आपल्या कानावर असतेच. छोट्या स्टार्टअपमध्ये जबाबदारी लवकर अंगावर पडते, शिकणंही झपाट्यानं होतं. मात्र पीजीचं डिपॉझिट किती, ते आधी विचारा. आणि दर वीकेंडला घरी, हे विसरा.

कोल्हापूर : घर की मुर्गी?
थांबा! १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथेच सुरू झालं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता इथे चालतात. म्हणजे लॉ करणाऱ्यांना हायकोर्टाचं काम बघायला मुंबईच गाठायला हवी, असं राहिलं नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमध्ये मेटलर्जी शिकायला मिळते, तीही घरचं जेवण जेवून. सीएवाल्यांनी मात्र डबल विचार करावा. आर्टिकलशिप दोन वर्षांची असते आणि किमान स्टायपेंड शहराच्या लोकसंख्येनुसार बदलतो.

आधी गुरू, मग गाव
आपल्याच गावचा एक किस्सा. १९२० च्या सुमारास एक पोरगा बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करायला लागला. सेट, कॅमेरा, अभिनय, सगळं तिथेच शिकला. १९२९ मध्ये त्यानं सहकाऱ्यांबरोबर इथेच 'प्रभात' काढली. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला नेली आणि १९४२ मध्ये मुंबईत 'राजकमल' उभारलं. हे व्ही. शांताराम! त्यांनी शहरं बदलली, पण शिकायला मिळालं ते बाबूरावांच्या हाताखाली आणि तेही कोल्हापुरात.

तेव्हा 'येस' म्हणण्याआधी चार प्रश्न विचारा :
• मी नेमकं कुणाच्या हाताखाली काम करणार?
• पहिल्या महिन्यात माझ्या हातात काय देणार?
• स्टायपेंड किती, कुठल्या तारखेला, लेखी मिळेल का?
• आधीच्या इंटर्नशी बोलता येईल का?

उत्तरं गोलमोल आली तर शहर कितीही झकास असो, नम्रपणे नाही म्हणा. आणि उत्तरं चोख आली तर बिनधास्त बॅग भरा. चटणीची बरणी आई ठेवेलच!