पुराच्या वर ठेवलेले धडे

कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावर वसलेले नृसिंहवाडी हे शिरोळ तालुक्यातील गाव दत्तक्षेत्र म्हणून सर्वश्रुत आहे. पावसाळ्यात नदीचे पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिणद्वारातून बाहेर पडू लागले की भाविक स्नानास लोटतात. परंतु सन २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत हेच पाणी या भागातील घरे, शेते व विहिरींवरील मोटारी गिळून गेले.

पूर ओसरल्यावर घर धुता येते. भिजलेली वही मात्र पुन्हा वाचता येत नाही. विद्युत्-कामाचे किंवा जोडाऱ्याचे शिक्षण घेणाऱ्या मुलाच्या टिपणवह्या, आकृत्या व सरावप्रश्न एकाच खोलीत असतील, तर वर्षभराची मेहनत एका रात्रीत वाया जाते. सांगलीजवळील हरिपूरच्या हळदीच्या पेवांत २००५ साली पाणी शिरले, त्याचाही बोध हाच : मोलाची वस्तू एकाच जागी ठेवणे धोक्याचे.

'क्लाउड' नावाच्या पद्धतीचा उपयोग येथे होतो. शब्दाचा अर्थ ढग असला, तरी धडे आकाशात नसतात. ते दूरच्या सुरक्षित इमारतींतील मोठ्या संगणकांवर असतात, त्यांच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवता येतात, आणि इंटरनेटद्वारे कोणत्याही मोबाइलवर उघडतात. केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू केलेल्या 'भारत स्किल्स' या संकेतस्थळावर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे अभ्यासक्रम, चित्रफिती व प्रश्नसंच आहेत.

तथापि, साधन गावाच्या गरजेस जुळले पाहिजे. याच जिल्ह्यातील वारणा परिसरात १९९८ साली ७० गावांना संगणकाने जोडण्याची योजना हाती घेण्यात आली. पुढे २००७ च्या सुमारास त्यांपैकी ७ गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरील लघुसंदेशांचा प्रयोग झाला, आणि उसासंबंधीची माहिती शेतकऱ्यास खिशातील यंत्रावर मिळू लागली. जे यंत्र लोकांच्या हाती आहे, त्यावरूनच आरंभ करावा, हा त्यातील धडा होय.

म्हणून नव्या धड्यांची रचना करताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. धडा सोप्या मराठीत व पाच-सात मिनिटांचा असावा. तो एकदा मोबाइलवर उतरवून घेतला की इंटरनेट नसतानाही चालावा, कारण पुरात प्रथम वीज जाते आणि मग संपर्क तुटतो. तिसरे, विषय गावच्या कामाचा असावा.

उदाहरणार्थ, पाण्यात बुडालेली पंपाची मोटार लगेच सुरू करणे जिवावर बेतू शकते. वीजपुरवठा पूर्ण बंद करून मोटार उघडावी, स्वच्छ करून पूर्ण वाळवावी, आणि वेटोळ्यांचे विद्युत्-रोधन मेगर यंत्राने तपासल्यावरच चालू करावी. हा क्रम चित्रफितीत पाहता येईल. पण मेगर हाती धरून काटा वाचणे शिक्षकासमोर कार्यशाळेतच शिकावे लागते. क्लाउड वही जपते, हात घडवीत नाही.

ग्रामसेवकांनी पावसाळ्यापूर्वीच गावातील प्रशिक्षणार्थींची यादी करावी, आवश्यक धडे त्यांच्या मोबाइलवर उतरवून घ्यावेत आणि ग्रामपंचायतीत एखादे प्रात्यक्षिक योजावे. शेतकरी बंधूंनीही आपल्या मुलास मोबाइलवर कोणता धडा पाहिला, हे आवर्जून विचारावे. मग पुढचा पूर ओसरेल तेव्हा वह्या भिजल्या तरी विद्या कोरडी राहील, आणि शिवारातील मोटारी सुरक्षितपणे पुन्हा पाणी उपसू लागतील.