कर्बवायूचा जमाखर्च

हवेला देशांच्या सीमा नसतात. एखाद्या धुराड्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड यथावकाश साऱ्या पृथ्वीभोवती पसरतो. म्हणून त्यात घट कोठेही झाली, तरी लाभ सर्वांनाच. याच तत्त्वावर 1997 च्या क्योटो करारात एक योजना आखली गेली. श्रीमंत देशाने विकसनशील देशातील प्रकल्पाला पैसा पुरवावा आणि तेथे टळलेल्या प्रत्येक टनाचे एक श्रेय आपल्या खात्यात जमा करावे.

हिशेब सोपा वाटतो ना? पण मेख कोठे आहे ती पाहा. वातानुकूलन यंत्रांत वापरला जाणारा एचसीएफसी-22 तयार करताना एचएफसी-23 हा वायू आपोआप निर्माण होतो. त्याचा 1 टन म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे 11,700 टन, असे योजनेत धरले होते. साहजिकच तो जाळून नष्ट करणे चीन व भारतातील काही कारखान्यांना फार किफायतशीर ठरले. केवळ जाळण्यासाठीच हा वायू अधिक निर्माण होईल, असा धोका उभा राहिला! अखेर युरोपीय संघाने मे 2013 पासून ही श्रेये नाकारली. 2016 मध्ये भारताने उत्पादकांना हा वायू स्वखर्चाने नष्ट करण्यास सांगितले.

तेव्हा अशा प्रत्येक प्रकल्पाला एक प्रश्न विचारावा: योजना नसती, तर हा वायू खरोखर हवेत गेला असता काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती घट केवळ कागदावरची. तिच्या भरवशावर दुसरीकडे सोडलेला धूर मात्र खराच असतो.