पाणंदीचा नकाशा

पहाटे साडेपाच, कराड

जानेवारीतली थंडी आणि प्रीतिसंगमावर धुकं. कृष्णा कुठली नि कोयना कुठली, काही उमगत नाही. चाकांत हवा भरून मी निघायच्या तयारीत आहे, पण निघत नाही. उजाडल्याशिवाय उसाच्या कडेनं सायकल घालायची नाही, हा माझा पहिला नियम. कराड तालुक्यात उसात बिबट्या असतो. पुण्या-मुंबईच्या सायकलवाल्यांना हे सांगितलं की आधी हसतात, मग गावातल्या कुणाला तरी विचारून येतात आणि मुकाट चहा घेत बसतात.

माझा धंदा वाटा आखण्याचा. ग्रॅव्हल सायकल म्हणजे शर्यतीच्या सायकलीसारखं वाकडं हँडल, पण टायर रुंद, चाळीस मिलिमीटरच्या वर. डांबर सोडून खडी-मुरमावर चालवायची. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये 2006 साली दोनशे मैलांची अशी एक शर्यत सुरू झाली आणि बघता बघता हे वेड जगभर पसरलं. आता ते आमच्या कृष्णाकाठीही येऊन ठेपलंय. शनिवार-रविवारी येणाऱ्या गटाला कराडपासून भिलवडीपर्यंत मातीची वाट हवी असते. ती आधी चालवून बघायची, मोबाइलवर आखायची, फाइल धाडायची.

सात, सैदापूर

खरं बघता ही वाट मी आखलेलीच नाही. ती इंग्रजांच्या इंजिनिअरांनी एकोणिसाव्या शतकात आखून ठेवलीय. कराडजवळ खोडशीला कृष्णेवर बंधारा आहे, तिथून कृष्णा कालवा निघतो आणि नदीच्या डाव्या अंगानं खाली जातो. पाणी पंपाशिवाय आपसूक वाहायचं तर कालव्याला जमिनीच्या उंचीची रेघ धरून, अगदी हळूहळू उतरत जावं लागतं. टेकाड आलं की तो वळसा घालतो, ओढा आला की वरून जातो. म्हणून त्याच्या कडेच्या गाडीवाटेवर चढ असा लागतच नाही. पोट सुटलेला माणूसही दोन तास मजेत पायडल मारतो आणि आपण फार तयारीचे आहोत असं समजतो.

आवर्तन सुरू असलं की मात्र या वाटेचा नूर पालटतो. पाणी सुटलंय, दारं धरायला माणसं बांधावर आहेत, मोटारसायकली आडव्या लावल्यात, कुठं पाझरानं चिखल झालाय. काळ्या रानाचा चिखल चाकाला लागला की चाक आणि फ्रेम यांच्यात बसतो आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून पाळी कधी आहे हे विचारल्याशिवाय मी गटाला तारीख देत नाही.

साडेआठ, शेणोली

चहा आणि कागदावर भडंग. याच शेणोलीजवळ 7 जून 1943 रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं रेल्वेच्या पगाराची गाडी लुटली होती. पाहुण्यांना हे सांगावंच लागतं, नाहीतर ते रुळाकडे पाठ करून उसाचे फोटो काढत बसतात.

साडेनऊ, ताकारीच्या अलीकडे

इथून कालवा सोडून पाणंदीत शिरायचं. दिवसाचं खरं काम इथं आहे.

गावनकाशावर ही पाणंद तुटक दुहेरी रेघेनं दाखवलेली. म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट रुंद. प्रत्यक्षात दोन्हीकडचे बांध दर साली वीतभर आत सरकलेत आणि मध्ये उरलीय एक ट्रॅक्टर कसाबसा जाईल एवढी जागा. एका बाजूला उभा ऊस, दुसऱ्या बाजूला खोडवा, बांधावर वेडी बाभूळ. तिच्या काट्यांपायी मी टायरमध्ये ट्यूब ठेवत नाही, चीक भरतो. काटा निघाला की भोक आपोआप बुजतं.

पुढं तोड चालू होती. बीडकडची टोळी, कोयत्यांचा आवाज, वाढ्यांचे भारे न्यायला आलेल्या बायका. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पाणंदीत रुतून बसलेला, त्याला ओढायला दुसरा आणलेला. मी सायकल बांधावर आडवी केली.

"काय पावनं, सायकल घिऊन हिकडं कुठं?" बांधावरच्या आबांनी विचारलं.

सांगितलं. शनिवारी पंधरा-वीस जण येतील, चालेल का?

"येऊंद्यात की. वाट काय माझ्या एकट्याची हाय व्हय? पर ह्या चिखलात मज्जा काय वाटती तुमास्नी?"

त्यांचं म्हणणं रोकडं होतं. पावसाळ्यात या पाणंदीतून बैल जात नाही, आजारी माणूस बाजेवर घालून काढावा लागतो. तोडीच्या दिवसांत गाडी रुतली की ट्रॅक्टरवाला जादा पैसे मागतो आणि कधीकधी फिरकतच नाही. ऊस वाळतो, वजन घटतं. पाणंद मोकळी करून खडी टाकावी म्हणून गावानं अर्ज केलेत. 2021 साली सरकारनं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली, रोजगार हमीच्या पैशातून. पण आधी अतिक्रमण निघायला हवं, आणि ते भावकीतच असल्यामुळं कुणी कुणाचं नाव घ्यायचं?

इटलीत 1997 साली टस्कनीतल्या सायकलवाल्यांनी एरोइका नावाची फेरी सुरू केली, ती तिथले पांढऱ्या खडीचे जुने रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून. आमच्या धंद्यातले लोक तिचं नाव फार आदरानं घेतात, मीही घेतो. पण आबांच्या बांधावर उभं राहून ते बोलायला जीभ रेटत नाही. मला जी सुंदर वाट दिसते ती त्यांची वर्षानुवर्षं तुंबलेली मागणी आहे. तिथं खडी पडली, रोलर फिरला, पुढं डांबर आलं तर माझ्या नकाशातला सगळ्यात देखणा तुकडा जाईल. जावा.

आबांनी ऊस सोलून दिला. तो खाईपर्यंत ट्रॅक्टर निघाला.

बारा, सागरेश्वर

घाटाचा चढ आणि माथ्यावर ऊन. पलीकडं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. डांबरी रस्ता आहे, त्यामुळं लिहिण्यासारखं फारसं नाही.

अडीच, किर्लोस्करवाडी

कुंडलवरून उतरलं की कारखान्याची वसाहत. 1910 साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ती उभी केली आणि तिथून लोखंडी नांगर शेतात गेले. त्यापूर्वी बेळगावात लक्ष्मणराव आणि त्यांच्या भावाचा धंदा होता सायकली विकण्याचा. नांगराच्या कारखान्याआधी सायकलीचं दुकान, हे ऐकलं की पाहुणे एकदम खूश होतात. मीही ही गोष्ट दर खेपेला थोडी लांबवून सांगतो.

साडेचार, भिलवडी

आमणापूरपासून पुन्हा मळीची वाट. हळदीची शिवारं, द्राक्षाच्या बागा, औषध मारणारे ट्रॅक्टर. फवारणी चालू असेल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबायचं, हा दुसरा नियम. तिसरा नियम घाटावर गेल्यावर कळतो. कृष्णेचं पात्र संथ, समोर औदुंबर, दिवसभर घामेजलेली माणसं, आणि कुणीतरी बूट काढायला लागतोच. पाण्यात उतरायचं नाही. या पट्ट्यात मगरी आहेत. पोहणाऱ्यांवर आणि कपडे धुणाऱ्यांवर हल्ले झालेले आहेत.

2019 आणि 2021 च्या महापुरांत हे गाव पाण्यात होतं. आज मी उतरलो ती मळीची वाट पुरात दर वेळी थोडी सरकते. पावसाळ्यानंतर जुनी फाइल वापरायची नाही.

रात्री नऊ

जेवून नकाशा उघडला. कालव्याचा तुकडा हिरवा, घाट लाल, पाणंद पिवळी. सूचना लिहिल्या: तोडीच्या ट्रॉल्यांना वाट आधी द्या. वाढ्यांच्या भाऱ्यावरून सायकल नेऊ नका. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

मग आबांच्या नातवाचा फोन आला. सकाळी मी पाणंदीचे फोटो काढताना त्यानं बघितलं होतं.

"दादा, तुमच्या त्या यंत्रात जागा बिगा समदं येतंय न्हवं? कुठल्या गट नंबरापाशी रुंदी किती उरलीय, तेवढं फोटोसकट पाठवा की. तहसीलदारांच्या अर्जाला जोडतो."

रुंदी मी मोजली नव्हती. शुक्रवारी टेप घेऊन येतो म्हणालो.