घड्याळ आमचे, तबकडी कुणाची?

गेल्या वर्षी पाडव्याला आम्ही अण्णांना एक स्मार्टवॉच घेऊन दिले. अण्णांचे वय ब्याऐंशी. "आता या वयात ही हातकडी कशाला?" असे ते म्हणाले खरे, परंतु सौ.ने बाजू सांभाळली. "अण्णा, तुम्ही कुठे पडलात-बिडलात तर हे घड्याळ आपणहून आम्हांला कळवते. नाडीचे ठोकेही मोजते." सुनेचा शब्द अण्णा सहसा मोडत नाहीत. त्यांनी मनगट पुढे केले.

त्यांचे जुने घड्याळ एचएमटीचे. पांढरी तबकडी, काळे ठसठशीत देवनागरी आकडे. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगलोरला सुरू झालेल्या सरकारी कारखान्याचे ते घड्याळ. चाळीस वर्षे सकाळच्या चहाआधी अण्णांनी त्याला किल्ली दिली. २०१६ साली सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतरही अण्णांचे घड्याळ चालतच होते. गेल्या पावसाळ्यात मात्र ते सात वाजून वीस मिनिटांवर थांबले, आणि घड्याळजीने "पार्ट मिळत नाही" म्हणून हात टेकले.

नव्या घड्याळाशी अण्णांचे काही जमेना. एवढ्याशा काचेवर वेळ, वार, हवामान, पावलांची संख्या आणि नाडी यांची जत्रा भरलेली. अण्णांच्या डोळ्यांना त्यातले काहीच नीट दिसत नव्हते. मनगटाला जाणवणारी थरथर त्यांनी पहिल्याच तासाला बंद करायला लावली. म्हणाले, "पाल चढल्यासारखी वाटते."

आमचा पुतण्या इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "काका, सोपे आहे. आजोबांच्या जुन्या तबकडीचा फोटो काढतो आणि घड्याळावर लावतो." पाच मिनिटांत काचेवर जुने एचएमटी झळकू लागले. अण्णांचा चेहरा उजळला. आम्ही सर्वांनी पुतण्याची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ओवाळणी झाली, जेवणे झाली, गप्पा रंगल्या. माझ्या बहिणीने सहज विचारले, "अण्णा, रक्तदाबाची आठची गोळी घेतलीत ना?" अण्णांनी मनगट डोळ्यांजवळ नेले आणि शांतपणे म्हणाले, "अजून वेळ आहे. आत्ताशी सात-वीस होताहेत."

तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते!

फोटोतले काटे ते. ते कसे हलणार? खरी वेळ खालच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी आकड्यांत दिसत होती, पण अण्णांच्या नजरेला ती दिसणार कशी? गोळी लगेच दिली आणि सुदैवाने काही बिघडले नाही. आमची मात्र झोप उडाली.

"मग फोटो कशाला? चालत्या काट्यांची खरी तबकडीच बसव की," मी पुतण्याला म्हणालो. तो ओशाळून म्हणाला, "काका, या घड्याळात बाहेरची तबकडी बसतच नाही. कंपनीने दिलेल्यांतलीच घ्यावी लागते."

पूर्वी घड्याळजीकडे गेले की तो चार तबकड्या पुढे मांडी आणि आवडेल ती बसवून देई. त्यासाठी कारखान्याची परवानगी लागत नसे. आता घड्याळाचे पैसे मोजूनही तोंड कंपनीच्या पसंतीचेच! हे असे का, याचा मी थोडा शोध घेतला. या दाराला तीन कुलुपे आहेत.

पहिले कुलूप : कंपनीची मर्जी

ॲपलने आपले घड्याळ एप्रिल २०१५ मध्ये बाजारात आणले. त्यात बाहेरच्या कारागिराने केलेली संपूर्ण तबकडी बसवण्याची सोय तेव्हा नव्हती आणि नंतरही आली नाही. तबकडीवरच्या लहानशा चौकटीत दुसऱ्यांच्या ॲपची माहिती दाखवता येते. २०२० पासून आपण मांडलेली तबकडी दुसऱ्याला पाठवताही येते. पण मूळ घडण ॲपलचीच. भाड्याच्या घरात चित्र टांगावे, भिंत मात्र पाडू नये, तशी ही सोय. कंपनीने मनावर घेतले तर तिच्याकडून चांगल्या गोष्टीही मिळतात, हे नमूद केले पाहिजे. या घड्याळाच्या काही तबकड्यांवर देवनागरी आकडे निवडता येतात. आम्ही घेतलेल्या घड्याळात तेवढेही नव्हते.

उलट टोकाचे उदाहरण पेबल या घड्याळाचे. २०१२ साली सुमारे ६९ हजार लोकांनी आगाऊ पैसे भरून या घड्याळासाठी १ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली. कुणीही तबकडी करावी आणि कुणीही ती लावावी, असा त्याचा मोकळा कारभार होता. हौशी लोकांनी हजारो तबकड्या केल्या. पण धंदा टिकला नाही. डिसेंबर २०१६ मध्ये फिटबिट कंपनीने पेबलचे सामान-सुमान विकत घेतले आणि जून २०१८ अखेर त्याची मदत-सेवा बंद झाली. तबकड्यांचा तो साठा रीबल या स्वयंसेवकांच्या मंडळाने सांभाळला. पुढे फिटबिट गूगलकडे गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबलची मूळ प्रणाली सर्वांना खुली करून दिली. तात्पर्य, दार उघडे असले तरी घर उभे राहील याची खात्री नसते.

दुसरे कुलूप : विजेचा हिशेब

प्रत्येक बंधनामागे कंपनीचा हट्टच असतो असे मात्र नाही. स्मार्टवॉचची तबकडी हे नुसते चित्र नसून दिवसभर चालणारे यंत्र आहे. ज्याने त्याने हवे तसे लिहिलेले ॲप तिथे चालू दिले, तर दुपारपर्यंत बॅटरी संपायची. काचेचा पडदा असा असतो की जेवढे ठिपके उजळतील तेवढी वीज जाते आणि काळा भाग जवळजवळ फुकट पडतो. एकच चित्र सतत उजळत राहिले तर त्याचा कायमचा डागही पडू शकतो.

म्हणून २०२३ साली गूगलने सॅमसंगच्या साहाय्याने तबकडीसाठी एक नवा साचा ठरवला. तबकडी करणाऱ्याने काटे कुठे, आकडे कुठे, रंग कोणता एवढे वर्णन लिहून द्यायचे. ती चालवायची कशी, ते घड्याळ पाहून घेईल. यामुळे बॅटरी वाचली, परंतु जुन्या पद्धतीने मेहनतीने केलेल्या कित्येक तबकड्या निकालात निघाल्या. २०२४ साली आलेल्या नव्या घड्याळांनी त्या घ्यायचे नाकारले. जानेवारी २०२६ पासून गूगलच्या प्रणालीवरच्या कोणत्याच घड्याळात त्या नव्याने बसवता येणार नाहीत, असेही जाहीर झाले. लोकांनी पैसे देऊन घेतलेल्या आवडत्या तबकड्या अशा रीतीने जुन्या घड्याळाबरोबरच मागे राहिल्या.

तिसरे कुलूप : कायदा

हे कुलूप आमच्या बहिणीने दाखवले. ती वकिली करते. पुतण्या म्हणत होता, "एचएमटीची हुबेहूब तबकडी करून सगळ्यांना फुकट वाटू या." त्यावर ती म्हणाली, "घरात काय करायचे ते कर. पण दुसऱ्याचे नाव आणि चिन्ह घालून बाजारात मांडलेस तर फुकट दिले म्हणून सुटका नाही."

मग तिने लंडनचा एक खटला सांगितला. सॅमसंगच्या ॲप-दुकानात बाहेरच्या लोकांनी केलेल्या सुमारे ३० तबकड्या होत्या. त्यांवर ओमेगा, लाँजिन, टिसो अशा स्विस घड्याळांची नावे व चिन्हे होती. २०१५ ते २०१९ या काळात ब्रिटन आणि युरोपीय संघात त्या सुमारे १ लाख ६० हजार वेळा उतरवून घेतल्या गेल्या. हे सारे ब्रँड स्वॉच या समूहाचे. त्याने दावा लावला. "आम्ही फक्त दुकान चालवतो, तबकड्या दुसऱ्यांनी केल्या," असा सॅमसंगचा बचाव होता. मे २०२२ मध्ये न्यायालयाने तो मानला नाही, आणि डिसेंबर २०२३ मध्ये अपीलही फेटाळले गेले. दुकानदारच जबाबदार ठरल्यावर तो दारात पहारेकरी बसवणारच!

या बाबतीत मोठ्यांचीही गय नाही. स्विस रेल्वे स्थानकांवरचे घड्याळ हान्स हिल्फिकर या अभियंत्याने १९४४ साली आखले. त्याचा तांबडा सेकंदकाटा साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पुरी करून क्षणभर थांबतो आणि मिनिटाचा इशारा मिळताच पुन्हा निघतो. २०१२ साली ॲपलच्या आयपॅडवर तशीच तबकडी दिसली. रेल्वेने हरकत घेतली आणि ॲपलला रीतसर परवाना घ्यावा लागला. त्यासाठी सुमारे २ कोटी फ्रँक मोजल्याचे तिकडच्या वृत्तपत्रांनी छापले.

तुळशीच्या लग्नापर्यंत

अखेर पुतण्यानेच तोड काढली. त्याचे स्वतःचे घड्याळ बाहेरची तबकडी स्वीकारणारे होते. ते त्याने आजोबांना दिले आणि आजोबांचे आपण घेतले. सॅमसंगचे 'वॉच फेस स्टुडिओ' नावाचे फुकट मिळणारे साधन घेऊन तो आठवडाभर बसला. देवनागरी आकडे कुणाच्या मालकीचे नाहीत. ते त्याने जाड आणि मोठे काढले. कंपनीचे नाव घातले नाही. पहिल्या दिवशी पांढरी तबकडी लावली, तर बॅटरी झपाट्याने उतरू लागली. मग मनगट खाली असताना काळ्यावर पांढरे आकडे आणि मनगट उचलले की पांढऱ्यावर काळे, अशी योजना झाली. पावले नाहीत, हवामान नाही. दोन काटे आणि बारा आकडे, बस्स. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी अण्णांनी अंगणातूनच सांगितले, "सहा वाजून पाच मिनिटे. गुरुजींना उशीर झाला." वेळ अगदी बरोबर होती.

यंदा पाडव्याला घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी असे घड्याळ घेण्याचा बेत असेल, तर दुकानात तीन प्रश्न जरूर विचारा. यात बाहेरची तबकडी बसते का? मूळच्या तबकड्यांत मोठे आकडे, शक्य तर देवनागरी आकडे आहेत का? आणि विकत घेतलेली तबकडी पुढच्या घड्याळावर चालेल का? दुकानदाराला उत्तरे येत नसतील तर तिथल्या तिथे, ज्यांच्या हातात ते जायचे त्यांच्या मनगटावर बांधून वेळ वाचायला सांगा. रंग आणि पट्टा मागाहून पाहता येतो.

आमच्याकडे आता सारे सुरळीत आहे. फक्त एक सवय आम्हांला लागली आहे. रात्री घड्याळात काही नवी सुधारणा आपोआप उतरली, की सकाळी चहाआधी अण्णांची तबकडी जागेवर आहे ना, हे आम्ही आधी पाहतो. पूर्वी त्याच वेळेला अण्णा किल्ली देत असत.