रातांब्याची साल आणि मृगाचा पाऊस

कोंकणांत रातांब्याचें झाड पूर्वीं कोणी मुद्दाम लावीत नसे. तें कुंपणाच्या कडेला, माडापोफळींच्या सांवलींत आपोआप उगवे, आणि त्याच्या फळाचा हिशेबही त्याच बेताचा ठेवला जाई. वास्तविक आमसुलावांचून आमच्या घरची आमटी होत नाहीं. सिंधुदुर्ग व रत्नागिरी येथील कोकमास भौगोलिक मानांकनही मिळालें आहे.

अडचण एकच, परंतु मोठी आहे. फळ ऐन वैशाखज्येष्ठांत भरास येतें, आणि मृग लागला कीं ऊन संपतें. आमसूल तर सर्वस्वीं उन्हावर अवलंबून. मग झाडावर राहिलेलीं फळें गळून तळींच कुजतात. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें १९९७ सालीं प्रसृत केलेली ‘कोंकण अमृता’ ही जात लवकर पिकते. नवीन लागवड करणारांनीं तिचीं कलमेंच घ्यावीं. बियांच्या रोपांत सुमारें निम्मीं नर निघतात, व तें फुलोरा आल्यावांचून कळत नाहीं.

आमसुलांसाठीं पूर्ण तांबडीं फळें धुवून, पुसून कापावीं व साली निराळ्या कराव्या. गराच्या रसांत शेंकडा दहा भाग मीठ विरघळवून साली त्यांत रात्रभर भिजवाव्या, सकाळीं उन्हांत पसराव्या, व वाळत आल्या कीं पुन्हां त्याच रसांत बुडवाव्या. अशीं तीनचार पुटें तरी द्यावीं. एका पुटावर उरकलेला माल आंबटपणास उणा पडतो, हें गिऱ्हाइकास पहिल्या आमटींतच कळतें. रातांब्याचें आम्ल धातूस खातें. सबब तांब्यापितळेचीं व ॲल्युमिनियमचीं भांडीं वर्ज्य करावीं.

पाऊस आलाच तर आगळ करावें. गाळलेल्या रसांत शेंकडा सोळा भाग मीठ घालून तो चिनीमातीच्या बरणींत आठ दिवस ठेवावा, रोज लांकडी पळीनें ढवळावा, आणि पुन्हां गाळून बाटल्या भराव्या. यास ऊन लागत नाहीं. सोलकढीस हें आगळ वर्षभर पुरतें.

अमृतकोकमाची हौस हल्लीं फार आहे. सालीच्या वाट्यांस दुप्पट साखर लागते. महसुलाच्या दप्तरांत आयुष्य गेल्यामुळें आंकडे मांडण्याची मला खोड आहे: शंभर किलो फळांत साल सुमारें निम्मी, म्हणजे साखरच शंभर किलो! गिऱ्हाईक आधीं ठरलेलें नसतां इतकी साखर आणणें म्हणजे पदरचे पैसे बाटलींत भरणें होय. घरापुरतें अवश्य करावें. विक्रीस माझ्या मतें आमसूल व आगळच बरें.

बिया फेंकूं नयेत. त्या वाळवून, कुटून पाण्यांत उकळल्या असतां तेल वर तरंगतें व निवल्यावर घट्ट होतें. हिंवाळ्यांत टांचांच्या भेगांस तें उत्तम. बिया पावसांत सांपडल्या तर चुलीवरील माळ्यावर पसरून ठेवाव्या. धुरानें त्या बिघडत नाहींत.