जोड लावायची कुणी?

रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीत समान संधी म्हणजे काय, याचं उत्तर गेल्या पन्नासेक वर्षांत बदललं. आधी गाड्या सारख्या करून पाहिल्या, मग चालवणाऱ्यांची प्रतवारी करायला घेतली. पहिल्या खटाटोपात पैसा गेला, दुसऱ्यात बोलाचाली झाल्या.

अमेरिकेत ‘रोअर’ ही नियामक संघटना १९६७ साली उभी राहिली तेव्हा हा मूठभरांचा छंद होता. टामिया कंपनीची रिमोटवरची पोर्श ९३४ आली १९७६ साली; १९८४ साली ग्रासहॉपर आणि हॉर्नेट आल्या आणि क्लबांत मुलं आणि त्यांचे बाप यांची रीघ लागली. या गर्दीत कुणी कुणाबरोबर पळायचं, हे हातातल्या कसबापेक्षा रिमोटची वाहिनी ठरवणाऱ्या क्रिस्टलवर ठरे. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तिथे ठरीव रंगांच्या सहा वाहिन्या होत्या: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळी, हिरवी, निळी. दोघांचा रंग एकच निघाला तर एकाचा रिमोट दुसऱ्याची गाडी वळवणार, म्हणून त्यांना वेगवेगळ्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, टाकायचं. पहिल्याच रविवारी आलेला दहा वर्षांचा मुलगा आणि क्लबातला सर्वांत तयारीचा गडी शेजारी शेजारी उभे राहत ते केवळ रंग जुळत नाहीत म्हणून. चकरा मोजायला पेन्सिल घेऊन बसलेली घरचीच माणसं असत. तीन गाड्या एकदम रेषेवरून गेल्या की कागदावर काय उमटेल याचा नेम नसे. अशा नोंदींवरून कुणाची पायरी ठरवणार?

मग नियम करणाऱ्यांची नजर गाडीकडे वळली. तारेच्या सत्तावीस वेढ्यांची, कारखान्यात टायमिंग पक्कं केलेली मोटार म्हणजे ‘स्टॉक’; वेढ्यांचं बंधन नसलेली ‘मॉडिफाइड’. स्टॉक स्वस्त आणि संथ, म्हणून तो नवख्यांचा गट, असा हिशेब होता. तो साफ चुकला. मोटार उघडायला परवानगी मिळाल्यावर तर टेबलांवर छोटे लेथ आले. दोन-चार शर्यती झाल्या की कम्युटेटर त्यावर चढवायचा, हिऱ्याच्या टोकाने तांब्याचा केसभर पापुद्रा काढायचा, ब्रश बदलायचे, स्प्रिंग बदलून पाहायची. बॅटरीचे सेल एकेक करून मोजून, आकड्यांची चिठ्ठी लावून, सारख्या गुणाच्या सहांचा संच चढ्या भावाने विकला जाई. नवख्याच्या गटात उतरायचं तर खिसा मात्र मुरलेल्याचा हवा!

ब्रशलेस मोटारी आल्यावर लेथ गेले, पण सॉफ्टवेअरने टायमिंग वाढवून साडेसतरा वेढ्यांची मोटारही सुसाट पळवता येऊ लागली. त्यावर ‘ब्लिंकी’चा तोडगा निघाला: स्पीड कंट्रोलरमध्ये वाढीव टायमिंग शून्य असेल तर त्यावरचा दिवा लुकलुकतो, तपासनिसाने तेवढं पाहायचं. युक्ती छान आहे. मूळ दुखणं मात्र तसंच राहिलं, कारण संथ मोटारीत वळणावर गेलेला वेग लवकर परत येत नाही. जोरदार मोटार चूक थोडीफार भरून काढते, कमजोर मोटारीत ती पुढच्या वळणापर्यंत छळते. म्हणजे स्टॉकमध्ये सफाईदार हाताचाच फायदा जास्त. संथ गट तो नवख्यांचा, हाच माझ्या मते या खेळातला सर्वांत महागडा गैरसमज.

माणसांची प्रतवारी शक्य झाली ती दोन यंत्रांमुळे. धावपट्टीखाली तारेचं वेटोळं आणि गाडीत ट्रान्सपाँडर आल्यावर प्रत्येक चक्कर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदली जाऊ लागली. २००५ नंतरच्या वर्षांत २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट रुळले आणि क्रिस्टलची कटकट मिटली. आता हीट वेळेनुसार लावता येते. पात्रता फेऱ्यांवरून ए, बी, सी अशा अंतिम शर्यती पाडण्याची रीत जुनीच. सी गटातही पहिल्या नंबरासाठी खरी चुरस असते, हे तिचं मोठेपण.

पण बक्षिसं नवशिके, मधले आणि तरबेज अशा कायमच्या गटांत वाटली, की खालच्या गटात दबा धरून बसणारे निघतातच. चकरेच्या वेळेची मर्यादा ठेवा. हे महाशय शेवटच्या सरळ पट्ट्यात बोट सैल सोडून मर्यादेच्या जरा मागे राहतील. सलग जिंकला की वरच्या गटात, असा नियम करा. ते एखादी शर्यत खुशाल हरतील. आपल्याकडे जत्रेच्या फडात वस्ताद दोन्ही पैलवानांना डोळ्यांनी जोखून जोड लावतात, तिथे सोंग फार चालत नाही. घड्याळाला मात्र दिसतं तेवढंच कळतं.

शिवाय गट पाडायलाही माणसं लागतात. चाळीस नोंदींचे दहा गट केले तर चार-चार गाड्या उरतात आणि प्रत्येक जण घरी चषक नेतो. म्हणूनच अनेक क्लबांत तीन गाड्या जमल्याशिवाय गटच चालवत नाहीत.

प्रायोजकाकडून सामान घेणाऱ्याला मधल्या गटात मज्जाव आणि एकदा वर गेलेल्याला खाली उतरायला शर्यत-संचालकाची परवानगी, हे दोन नियम मला त्यातल्या त्यात टिकाऊ वाटतात. दुसऱ्यावरून भांडणं होतातच. हंगामभर मागे पडलेला माणूस म्हणतो, वय झालं, डोळे गेले, मला खाली घ्या. संचालक छापील वेळा काढतो, मग त्याच्याकडे बघतो. बऱ्याचदा खाली घेतो, पण त्या गटाच्या चषकावर त्याचा हक्क राहणार नाही या अटीवर.