‘सह’ म्हणणारा बिशप

इ.स. ३७४च्या सुमारास कॅपाडोकियातील कैसरिया शहरात प्रार्थनेच्या दोन शब्दांवरून कुरकुर सुरू झाली. पित्याचा महिमा ‘पुत्राच्या द्वारे, पवित्र आत्म्यामध्ये’ गायचा, ही लोकांच्या कानाला सवय होती. बिशप बासिल कधी तसे म्हणत आणि कधी ‘पुत्रासोबत, पवित्र आत्म्यासह’ असे म्हणत. हे परस्परविरोधी शब्द कुठून आणले, असे उपस्थितांपैकी काहींनी विचारले. इकोनियमचे बिशप अँफिलोकियस यांनी खुलासा मागितला आणि त्यातून ३७५ मध्ये ‘पवित्र आत्म्याविषयी’ हा ग्रंथ तयार झाला. विरोधकांचा युक्तिवाद व्याकरणाचा होता. ज्याच्यासाठी ‘द्वारे’ किंवा ‘मध्ये’ वापरले जाते तो खालच्या पायरीवरचा, असे ते मानत. बासिल यांनी धर्मशास्त्रातली वचने एकेक करून तपासली आणि तीच अव्यये तिघांनाही लागतात हे दाखवून दिले. पायऱ्या शब्दांत नव्हत्याच, त्या वाचणाऱ्याच्या डोक्यात होत्या. ‘सह’ म्हटले की मान सारखा होतो, आणि या समान मानाला त्यांचा ग्रीक शब्द होता ‘होमोतिमिया’. याच माणसाने शहराबाहेर गरिबांसाठी रुग्णालय उभारले. बासिल यांच्याविषयी लिहिताना ब्रह्मज्ञानी एका प्रकरणात आणि समाजसेवक दुसऱ्या प्रकरणात, अशी वाटणी सर्रास केली जाते. ती मला चुकीची वाटते. ते रुग्णालय ‘सह’ या शब्दाचाच विस्तार होता, असे माझे मत आहे आणि त्याला पुरावा आहे.

चरित्र थोडक्यात असे. जन्म ३३०च्या आसपास, कैसरियाच्या सधन ख्रिस्ती घराण्यात. हे शहर म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील कायसेरी, जिथल्या विमानतळावर कॅपाडोकियाचे गरम हवेचे फुगे पाहायला जाणारे पर्यटक उतरतात. शिक्षण कैसरिया, कॉन्स्टँटिनोपल आणि अथेन्स येथे. बहीण माक्रिना आणि धाकटा भाऊ, निस्साचे ग्रेगरी, दोघेही पुढे संतपदाला पोचले. मठवास झाला, ३७० मध्ये बिशपपद मिळाले आणि १ जानेवारी ३७९ रोजी मृत्यू आला. ग्रीसमध्ये आजही मुलांना भेटवस्तू आणणारे ‘आयिओस वासिलिस’ ते हेच, आणि त्यांच्या नावाच्या केकमधले नाणे नववर्षाच्या दिवशी ज्याच्या वाट्याला येते तो वर्षभर भाग्यवान समजला जातो.

पण खरी गोष्ट सुरू होते ३६८-३६९च्या दुष्काळात. कैसरिया समुद्रापासून दूर. बासिल यांचे मित्र, नाझियान्झसचे ग्रेगरी, बासिल यांच्यावरच्या मृत्युलेखवजा भाषणात नेमके हेच कारण सांगतात: किनाऱ्यावरच्या शहरांत गलबतातून धान्य येते, आतल्या मुलखाला ना जास्तीचे विकता येते, ना कमी पडलेले आणता येते. साहजिकच कोठारवाल्यांची चांदी झाली. त्या काळच्या एका प्रवचनात बासिल श्रोत्यांना एका बापासमोर उभे करतात. घरात विकण्यासारखे काही उरलेले नाही, तेव्हा तो मुलांकडे बघतो. थोरल्याला विकावे की धाकट्याला? शेवटी तो रडत बाजारात जातो, आणि घेणारा मात्र भावावरून घासाघीस करत राहतो. श्रीमंताला दयेची भीक मागण्याचा सूर या प्रवचनांत नाही. गरजेपेक्षा जास्त साठवलेले धान्य मुळात उपाशी माणसाचे आहे, असा त्यांचा रोखठोक दावा आहे. म्हणजे देणारा वर आणि घेणारा खाली ही पायरीच त्यांनी काढून टाकली. कोठारे उघडली गेली. ग्रेगरी सांगतात त्याप्रमाणे बासिल यांनी भुकेल्यांना एका जागी जमवले, डाळींच्या कढणाच्या आणि खारवलेल्या मांसाच्या कढया मांडल्या आणि कमरेला वस्त्र बांधून स्वतः वाढायला उभे राहिले.

या तात्पुरत्या अन्नछत्रापाठोपाठ कायमची वास्तू आली, जिला पुढे ‘बासिलियास’ हे नाव पडले. तिच्याविरुद्ध तक्रार गेली तेव्हा राज्यपाल एलियास यांना लिहिलेल्या पत्रात बासिल तिचा तपशील देतात: प्रार्थनामंदिर, वाटसरूंसाठी आणि आजाऱ्यांसाठी निवास, शुश्रूषा करणारे, वैद्य, ओझ्याची जनावरे, वाटाडे आणि या सगळ्याला लागणारे कारागीर. ईश्वरावर भरवसा ठेवणाऱ्याने औषध घ्यावे का, हा प्रश्न मठवासीयांना पडे. त्यांच्यासाठीच्या नियमावलीत बासिल उत्तर देतात की शेती आणि विणकाम जसे देवाने दिले तसेच वैद्यकही. सगळी भिस्त मात्र वैद्यकावर ठेवू नये. आणि बासिलियासमध्ये कुष्ठरोगी आले. शहरांतून, घरांतून, बाजारांतून, पाणवठ्यांवरून हाकललेली ही माणसे. चेहरे इतके झडलेले की ओळख पटायची ती नावावरून. बासिल त्यांना चुंबन देऊन भेटत, जसे भावाला भेटतात. प्रार्थनेतला ‘सह’ इथे अंगाला अंग लावून उभा राहिलेला दिसतो.

यावर आक्षेप येतील. पहिला, आपल्याकडचा वाचक घेईल तो: सहा शतके आधी अशोकाने गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या चिकित्सेची व्यवस्था आणि औषधी वनस्पतींची लागवड नोंदवली आहे. हा आक्षेप रास्त आहे, म्हणूनच ‘जगातले पहिले रुग्णालय’ हा दावा मी करत नाही. सेबास्तेचे बिशप युस्टाथियस यांनीही बासिल यांच्याआधी गरिबांसाठी आश्रम काढला होता. मात्र बासिल यांच्या भोवतालच्या ग्रीक-रोमन जगाशी तुलना केली की फरक डोळ्यांत भरतो. रोमन रुग्णालये सैनिकांसाठी किंवा मोठ्या जमीनदारांच्या गुलामांसाठी असत. एपिदॉरसच्या अस्क्लेपियस देवस्थानात रोगी येत, पण आवाराच्या आत कोणाला मरू दिले जात नसे. बासिलियासने अशा माणसांना घर दिले ज्यांचा कोणालाच उपयोग नव्हता. दुसरा आक्षेप सत्तेचा: हे सारे वजन वाढवण्यासाठी होते. बासिल राजकारणी होते, यात वाद नाही. प्रांताची फाळणी झाल्यावर आपले क्षेत्र राखण्यासाठी त्यांनी मित्र ग्रेगरींना सासिमा या आडगावी बिशप नेमले आणि ती मैत्री कायमची दुखावली. श्रद्धेच्या बाबतीत विरोधी पक्षातल्या सम्राट व्हॅलेन्स यांनी गरिबांसाठी दिलेल्या जमिनीही त्यांनी घेतल्या. पण नुसते वजनच हवे असते तर कुष्ठरोग्यांपेक्षा सोपे मार्ग होते. तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. ‘पवित्र आत्म्याविषयी’ याच ग्रंथात बासिल लिहितात की निसर्गतः कोणी गुलाम नाही, माणसे परस्परांशी समान मानाची आहेत. आणि लगेच काहींची गुलामी त्यांच्याच हिताची ठरवतात. इथे त्यांचा तर्क त्यांनीच अर्ध्यावर सोडला. गुलामगिरीवर थेट घाव घातला तो धाकट्या भावाने, निस्साच्या ग्रेगरी यांनी, बायबलमधल्या ‘उपदेशक’ या पुस्तकावरील चौथ्या प्रवचनात. थोरल्याने हा दोष पत्करायला हवा. तरी धाकट्याने जो धागा पुढे नेला तो समान मानाचाच होता.

बासिल गेले तेव्हा पवित्र आत्म्याविषयीचा वाद मिटलेला नव्हता. दोन वर्षांनी, ३८१ मध्ये, कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेशी जी श्रद्धेची कबुली जोडली जाते, तिच्यात पवित्र आत्म्यासाठी दोन ग्रीक शब्द आहेत: एकाचा अर्थ सह-वंदित, दुसऱ्याचा सह-गौरवित. दोन्ही शब्दांच्या आरंभी तोच ‘सिन्’ आहे, ज्याला आपण मराठीत ‘सह’ म्हणतो.